धर्म: अर्धाच ऐकलेला शब्द

दचकू नका, मी धर्म बोलतोय. कुठल्या देवळातून नाही की व्यासपीठावरून नाही. मी साधा शब्द आहे, दोन अक्षरांचा. हल्ली माझं नाव घेण्याआधी लोक आजूबाजूला बघून घेतात, म्हणून म्हटलं, आपणच आधी सांगून टाकावं.

माझा जन्म संस्कृतातल्या 'धृ' या धातूपासून झाला. धृ म्हणजे धरणं, सावरून ठेवणं. आधार आणि धरणी ही माझ्याच कुळातली. वाटसरूला पाठ टेकायला जागा मिळाली, तिला लोक धर्मशाळा म्हणू लागले. शेजारी कुणी आजारी पडलं की इकडून पेज जायची, तो शेजारधर्म. विज्ञानाच्या पुस्तकात मुलं अजूनही पदार्थांचे गुणधर्म पाठ करतात. दारात उभा राहून कुणी 'धर्म करा माय' म्हणायचा, तेव्हा त्याला मूठभर तांदूळ हवे असायचे. वाद नको असायचा.

पुढे परदेशातून 'रिलिजन' नावाचा शब्द आला. त्याचं मूळ लॅटिन. पण तो नेमका कुठून निघाला यावर जाणत्यांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, 'बांधणे' यावरून. कुणी म्हणतं, 'पुन्हा पुन्हा काळजीने वाचणे' यावरून. गोरा साहेब इथल्या माणसांना विचारू लागला, तुमचा रिलिजन कोणता? उत्तराला एक शब्द हवा होता, तेव्हा मला पुढे ढकललं गेलं. तेव्हापासून त्याचा सदरा माझ्या अंगात आहे. काही ठिकाणी बसतो, काही ठिकाणी काचतो.

ही माझी कुळकथा जिच्या तोंडून ऐकायला मला फार आवडायचं, ती दर्शना. डोंबिवली पश्चिमेच्या एका शाळेत ती मराठी शिकवते. कोपरच्या जुन्या आगरी घरातली सून. सासऱ्यांनी मिठागरात उमेदीची वर्षं घालवली, नवऱ्याचं, दिपेशचं, आता हार्डवेअरचं दुकान आहे. सासू गोदाबाई घर चालवते आणि घराबरोबर निम्मी आळीही.

गेल्या हिवाळ्यात कल्याणच्या एका वाचनालयाने दर्शनाला व्याख्यानाला बोलावलं. विषय होता, 'रिलिजन' या शब्दाचा अर्थ आणि उगम. ती छान बोलली. बोलता बोलता म्हणाली, "रिलिजन या अर्थाने धर्म आपल्याकडे नव्हताच. आपला शब्द त्याहून पसरट, त्याहून मोठा होता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोनवर चित्रण करत होतं, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

तेच चित्रण कुणीतरी पुढून कापलं, मागून कापलं. उरलं एवढंच: "धर्म आपल्याकडे नव्हताच." त्याखाली तिचं नाव, गाव आणि शाळा.

इतक्या काळात माझे किती अर्थ लावले गेले, किती भाष्यं झाली. पण माझं मागचंपुढचं तोडून मला असं कुणी उभं केलं नव्हतं. मी या फोनमधून त्या फोनमध्ये जात होतो आणि प्रत्येक ठिकाणी माझ्यामुळे कुणाच्या तरी कपाळावर आठी चढत होती. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण शब्दाला स्वतःचा आवाज कुठे असतो?

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक दिपेशला विचारू लागलं, "तुमच्या मिसेस हे काय बोलल्यात?" दुपारी शाळेतून फोन आला. वातावरण निवळेपर्यंत घरीच राहा, म्हणाले. आवाज मऊ होता, पण पलीकडचा माणूस घाबरलेला आहे हे दर्शनाला कळलं. ती खिडकीचा पडदा ओढून बसली. रस्त्यावर बाईक थांबली तरी ती पडद्याच्या फटीतून बघायची.

सगळ्यात जड गेली ती गोदाबाई. "मी रोज सांजचा दिवा लावतंय," ती म्हणाली, "आनि तू भर सभेत बोललीस, आपल्यात धर्म नव्हता?"

"आई, मी तसं नाही म्हटलं. अख्खं वाक्य..."

"मी माज्या कानांनी आयकलंय." गोदाबाईने पाठ फिरवली. ताट वाढून ठेवायची, पण सुनेशी बोलायची नाही.

दिपेश तिच्याजवळ येऊन बसला. "अगं, सॉरी बोलून टाक ना. विषय संपव. गावात राहायचंय आपल्याला."

"कशाबद्दल सॉरी, दिपेश? मी बोललेच नाही त्याबद्दल?"

त्याचं चूक नव्हतं. तो घर धरून ठेवायला बघत होता आणि हे माझंच काम, म्हणून मला त्याच्यावर रागावताही येईना.

रविवारी सकाळी देवळाच्या अंगणात बैठक बोलावली. दिपेशचे चुलते धाकूकाका देवळाच्या समितीचे प्रमुख. दिपेशचा पुतण्या मयूर स्पीकर घेऊन आला होता. हाच मयूर दर्शनाच्या वर्गात शिकलेला, तिला काकी म्हणणारा. त्याने तो तुकडा स्पीकरवर लावला. अंगणभर मी घुमलो. मला माझीच लाज वाटली.

"आधी माफी, मग बाकीचं," धाकूकाका म्हणाले.

दर्शना उभी राहिली. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. "मयूर, तू होतास का रे त्या दिवशी हॉलमध्ये?"

"नाय काकी. मला आलेलं, मी फक्त फॉरवर्ड केलं."

"मग मागचंपुढचं कुणी ऐकलंय इथे?" लोक एकमेकांकडे बघू लागले. "कुणाचं मन दुखलं असेल तर मी हात जोडते. पण जे बोलले नाही त्याची माफी कशी मागू? आणि शब्दाचा अर्थ माझ्या माफीने बदलणारही नाही."

गलका झाला. मागून कुणीतरी शिवी घातली. दोघं-तिघं उठून पुढे आले, तसा दिपेश बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मी दर्शनाच्या जिभेवर होतो. तिचं तोंड कोरडं पडलंय, हे मला जाणवत होतं.

तेवढ्यात बायकांमधून गोदाबाई उठली. घरात सुनेशी अबोला धरलेली तीच गोदाबाई. म्हणाली, "मना हिचा शब्दबिब्द काय कलत नाय. मी पन रागावलीय हिच्यावर. पन माजी सून खोटा बोलत नाय, ता मना ठावं हाय. पुरा आयका, मंग काय ता बोला." आणि ती दर्शनाच्या पायाशीच खाली बसली.

तिला ओलांडून कोण पुढे जाणार?

दर्शना बोलली. धरण्यापासून सुरुवात केली, परदेशी शब्दाची गोष्ट सांगितली, शेजारधर्मापर्यंत आली. निम्मे लोक फोनमध्ये डोकं घालून होते, काही उठून गेले. शेवटी धाकूकाका म्हणाले, "सगळं नाय कळलं. पण शिवी नव्हती दिली तिनं." मयूरने मान खाली घालून सगळ्यांसमोर तो तुकडा पुसला.

त्याच्या फोनमधून मी गेलो. पण कळव्यात, माजिवड्यात, कुठे कुठे कुणाकुणाच्या फोनमध्ये तो तुकडा अजून असेल, कोण जाणे. आजही अनोळखी नंबर आला की दर्शना फोनकडे नुसती बघत राहते.

शाळेने तिला परत बोलावलं. गोदाबाई पुन्हा बोलू लागली, भांडूही लागली. मला वाटलं, सगळं जागेवर आलं.

काल सातवीच्या वर्गात धडा होता. पुरात अडकलेल्या कुटुंबाला वस्तीने कसं सांभाळलं, त्याचा. दर्शना मोठ्याने वाचत होती. "आणि त्या रात्री सगळ्या वस्तीने आपला शेजार..." ती थांबली. दाराकडे पाहिलं. मुलं पुस्तकात बोट ठेवून वाट बघत होती. तिने ते वाक्य तसंच सोडलं आणि पुढचं वाचायला घेतलं.

मी तिच्या घशातच राहिलो.

चिडून का होईना, माझ्याबद्दल विचारा. माझा अर्थ पटला नाही तर भांडा. पण जिला मी मनापासून आवडत होतो, तिला माझी भीती वाटेल असं काही करू नका. दर्शनाचा उद्या पुन्हा त्याच वर्गावर तास आहे. मी वाट बघतोय.