पंखा नसलेला लॅपटॉप

"चाळीस हजार. वर दमडी नाही," गोष्टीमावशीने दुकानाच्या पायरीवरच नवऱ्याला बजावलं.

"बरं बाई," तो म्हणाला. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला हा गडी आज कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जणू लॅपटॉपला मागणी घालायची होती.

मावशी आवाज घुमू नये म्हणून घरातल्या मोठ्या कपाटात रजया टांगून, आत बसून पुस्तकं वाचायची आणि ती ध्वनिमुद्रित करायची. ज्यांना दिसत नाही ते ती पुस्तकं ऐकायचे, तिला गोष्टीमावशी म्हणायचे. पण जुन्या लॅपटॉपचा पंखा प्रत्येक वाक्याखाली घरघरायचा. आता तिच्या लाडक्या कादंबरीचं काम आलं होतं. सोमवारपर्यंत घरघर नसलेला नमुना दिला तर काम तिचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं.

"काकू, स्क्रीन बघा कसला झळाळतोय!" विक्रेता म्हणाला.

मावशीने वाकून कळफलकाला कान लावला.

"काकू, त्यात गाणं नाही लागलेलं."

"म्हणूनच ऐकतेय. दुकानातलं तेवढं बंद करता का जरा?"

गाणं थांबलं. हेडफोन निवडणाऱ्या बाईने आपल्या मुलीला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. अख्खं दुकान कान देऊन उभं राहिलं. अडतीस हजारांचा लॅपटॉप अगदी गप्प होता. मावशीचा चेहरा फुलला.

"थांब," नवरा म्हणाला. "रिकामी गाडी सपाटीवर पळणारच. चढावर घाल तिला."

मावशीने पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि एक लांबलचक ध्वनिमुद्रण त्यातली खरखर साफ करायला त्याला दिलं. थोड्याच वेळात आतून घूंऽऽ झालं.

"रडली गाडी!" नवरा म्हणाला.

चाळीस हजारांच्या दुसऱ्या लॅपटॉपने जरा जास्त दम धरला, पण शेवटी त्यानेही सुस्कारा सोडला. मग विक्रेत्याने काचेमागून एक पातळसा लॅपटॉप काढला. "यात पंखाच नाही." चढ सुरू झाला. नवरा-बायकोची डोकी एकमेकांना टेकली. चिडीचूप.

"झोपला की काय हा?"

"चालू आहे, काका. अठ्ठावन्न हजार."

मावशीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "नको गं बाई! चाळीसवालाच घेऊ. तो ओरडायला लागला की मी वाचायची थांबेन."

"वाक्याच्या मधेच? अगं, तुझ्या रेकॉर्डिंगपायी तीन उन्हाळे मी पंखा बंद करून घामाने निथळत बसलोय. कुकरला शिट्टी नाही, मला शिंक नाही. घरात सगळ्यांची तोंडं बंद केलीस आणि त्या डबड्यालाच तेवढी मुभा?"

दुकानात हशा पिकला.

"अहो, पण कादंबरीचं निम्मं मानधन यातच जाईल."

"आणि उरलेलं निम्मं कशातून येणार?"

मावशीने त्या पातळ लॅपटॉपवर पुन्हा हात ठेवला. चाळीसचा आकडा तिने धास्तीपोटी ठरवला होता, कामाकडे बघून नाही. ऐकणाऱ्याच्या हाती फक्त तिचा आवाज असतो. त्यात घरघर कालवून कशी द्यायची?

"अठ्ठावन्न," ती पुटपुटली.

"किती म्हणालात, काकू?"

"अठ्ठावन्न!" आपल्याच आवाजाने ती दचकली आणि मग खुदकन हसली.

घरी येताच ती कपाटात शिरली, देवाचं नाव घेतलं आणि पहिलं पान वाचून काढलं. मग हेडफोन लावून ऐकलं. घरघर नाही! शब्द कसे धुतल्यासारखे स्वच्छ! तेवढ्यात तिच्या कपाळावर आठी पडली.

"अहो, शब्दांमागे हे गुरगुरतंय काय?"

कपाटाबाहेर श्वास रोखून उभा असलेला नवरा ओशाळला. "माझं पोट. खुशीत जेवायचं राहूनच गेलं."

"जेवून घ्या आधी. पंखा लावून, सावकाश!" मावशी हसत बाहेर आली. "मग पुन्हा वाचते. सोमवार कशाला उजाडायला हवा? आजच पाठवते."