रिकामा वजनकाटा

ताईने कोंबडी डाव्या काखेत धरली, चोचीत चार थेंब तेल सोडलं आणि तिच्या गळ्याखालची पिशवी दोन बोटांनी हळूहळू चोळायला घेतली. पिशवी कालच्यासारखीच होती, लिंबाएवढी फुगलेली. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो तसाच राहायचा. कोंबडी खाते ते आधी तिथे साठतं, मग रात्रभरात पोटात उतरतं. सकाळी ती पिशवी रिकामी हवी, एवढं ताईला आठवडाभरात पाठ झालं होतं. कोंबडीने जांभई दिल्यासारखी चोच उघडली तेव्हा आंबलेल्या पिठाचा वास आला.

"उतरलंय का काही?" तिच्या वडिलांनी, अप्पांनी खाटेवरून विचारलं.

"नाही."

"म्हातारपणी वेळ लागतो सगळ्याला."

"तिला लागू दे. मला आठला पोचायचंय."

बोलून झाल्यावर ताईला वाटलं, आपण जरा जास्तच तोडून बोललो. पण घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. कोंबडीला अंगणात सोडून, हात धुऊन, अप्पांचा भात कुस्करायला हवा होता.

कोंबडीचं नाव मॅडम. हे नाव अप्पांनीच ठेवलेलं. पूर्वी त्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं आणि वर्षातून एकदा तिथे तपासणीला एक बाई यायच्या. मान ताठ ठेवून एकेका काट्यापुढे थांबायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. ही कोंबडी घरात पहिल्यांदा शिरली ती अगदी तशीच. आता तिचं वय झालं होतं, अंडी बंद होऊन दोन वर्षं उलटली होती, पण खोल्यांची तपासणी मात्र रोजची होती. तपासणी संपली की ती अप्पांच्या खाटेशी येऊन बसायची.

चार महिन्यांपूर्वी अप्पांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय सावरले, जीभही बरीच सावरली. गिळणं मात्र गेलं ते गेलंच. घास मऊ हवा. हनुवटी छातीकडे वाकवायची, एका घासाला दोनदा गिळायचं, मग चमचाभर पाणी. एक जेवण म्हणजे एक तास. ताई समोर बसून चमच्याने भरवायची, रोज कामावर उशिरा पोचायची आणि दुपारीही भरवायला घरी येऊन जायची. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्री करायची. अकरा वर्षं तिचं टेबल खिडकीपाशी होतं. एके दिवशी सुपरवायझर बाईंचा फोन आला. ताई स्वयंपाकघरात "हो बाई, उद्यापासून नक्की" असं तीन वेळा म्हणाली. घर केवढं ते, अप्पांना सगळं ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, "आता मला जमतं एकट्याला. वाडगा ठेव नि जा. दुपारचाही झाकून ठेव."

"नक्की?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

त्या संध्याकाळी ती परत आली तेव्हा दोन्ही वाडगे लख्ख होते. ताईचा जीव भांड्यात पडला. रात्रीचा घास ती भरवायचीच, पण सकाळ-दुपारचे दोन तास मोकळे झाले होते. महिनाभर वाडगे तसेच लख्ख मिळत गेले आणि तिने खोलात जाऊन काही विचारलं नाही. इतकी दमली होती ती की, जे बरं चाललंय त्याला हात लावायची तिची इच्छा नव्हती.

शिवाय दर रविवारी वजन व्हायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: पन्नासाच्या खाली आले तर दाखल करा, नाकातून नळी घालावी लागेल. अप्पांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आईला शेवटी तशीच नळी घातली होती, आणि ती काढायची वेळच आली नव्हती.

दुकान विकलं तेव्हा सगळे काटे गेले होते, माणसाचं वजन करायचा एक तेवढा घरी राहिला होता. रविवारी अप्पा काठी टेकत जाऊन तो स्वतः कपाटातून काढायचे. ताई हात पुसत येईपर्यंत भिंतीला धरून त्याच्यावर उभे राहिलेले असायचे.

"ये, वाच."

"एक्कावन्न."

"बघ," ते म्हणायचे. मग ताईला चहा टाकायला पाठवून काटा स्वतःच जागेवर ठेवायचे, वर फडकंही घालायचे. आयुष्यभराची सवय, असं ताईला वाटायचं.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. ताई मॅडमला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हात मात्र जुन्या माणसाचे असावेत तसे सावकाश चालत होते. त्यांनी पिशवी चाचपली, वास घेतला, एक पातळ मऊ नळी चोचीतून आत सरकवली आणि कोमट पाणी सोडून आतलं बाहेर ओढलं. ट्रेमध्ये पांढरा चिकट लगदा पडला. त्यात केशरी तंतू होते.

"भात घालता का हिला?"

"नाही. दाणेच. तेसुद्धा आठवडाभर बंद आहेत."

"हा शिजवलेला भात आहे, अगदी मऊ केलेला. आणि हे गाजर." डॉक्टरीणबाईंनी ट्रे तिच्याकडे सरकवला. "म्हातारी कोंबडी आहे. असलं ओलं, चिकट रोज पोटात गेलं तर साचून आंबणारच. घरात कोण देतं?"

ताई ट्रेकडे बघत राहिली. गाजर तिनेच किसलं होतं, अप्पांच्या भातात घालायला, सकाळी सव्वासातला, घाईघाईत. एका तंतूचं टोक तर जाडच राहिलं होतं.

"भांडी घासायच्या जागेवरून खात असेल," ती म्हणाली.

"मग तिथे जाऊ देऊ नका. उद्या सकाळपर्यंत कोंडून ठेवा, नुसतं पाणी. मग पिशवी बघा आणि वजन करा. आज दीड किलो भरलीय, त्याखाली जाता कामा नये. काटा आहे घरी?"

"आहे," ताई म्हणाली. "काटा आहे."

घरी जाताना बसमध्ये तिने टोपली मांडीवर घेतली होती. सगळं कळलं होतं, पण घरी पोचेपर्यंत तरी ते कळलेलं नको होतं. तिला अप्पांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला आणि शेवटी दोन्ही राग बाजूला सारून नुसती झोप येऊ लागली. तिचा थांबा आला तेव्हा कंडक्टरने तिला हाक मारून उठवलं.

"हिला न्हाणीघरात का कोंडलीस?" अप्पांनी विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"एकटी राहील ती."

दुपारचा वाडगा खाटेशेजारी होता. लख्ख होता.

रविवारी ती सहालाच उठली. अप्पा झोपले होते. मॅडमची पिशवी हाताला जवळजवळ रिकामी लागली. कातडी नुसती लोंबत होती. वजन करायला म्हणून ताईने कपाट उघडलं, काट्यावरचं फडकं काढलं आणि तो उजेडात ओढला.

काट्यावर काहीच नव्हतं. सुई अडीचवर होती.

लहानपणी शाळा सुटली की ती दुकानात जाऊन बसायची. गिऱ्हाईक काटा घेऊन आलं की अप्पा तिला आधी रिकामी सुई बघायला लावायचे, मगच वजन ठेवू द्यायचे. एका वाण्याने सुई जरा पुढे ठेवून द्या म्हणून गळ घातली होती. अप्पांनी त्याचा काटा उचलून रस्त्यावर ठेवला आणि पुन्हा पायरी चढू नका म्हणून सांगितलं. त्याच माणसाने गेल्या रविवारी हा काटा जागेवर ठेवताना फडक्याखाली झाकला होता.

एक्कावन्नातून अडीच. ताईने दोनदा वजाबाकी केली. साडेअठ्ठेचाळीस.

काट्याच्या बाजूला सुई मागेपुढे करायचं छोटं दातेरी चाक होतं. अंगठ्याने फिरवलं असतं तर सुई शून्यावर आली असती, आणि उद्या सकाळी हॉस्पिटलमध्ये जाऊन अप्पांचं नाव लिहावं लागलं असतं. तिने अंगठा चाकावर ठेवला. खाट करकरली. तिने अंगठा काढला, काटा आत सरकवला आणि फडकं घातलं.

नऊ वाजता हाक आली.

"ये, वाच."

अप्पा भिंतीला धरून उभे होते. सदऱ्यातून खांद्याची हाडं वर आली होती. ही हाडं आपण रोज बघत होतो, ताईच्या मनात आलं. रोज बघत होतो आणि विश्वास आकड्यावर ठेवत होतो.

"एक्कावन्न," ती म्हणाली.

"बघ."

तिने भात कुस्करला, गाजर बारीक करून घातलं आणि वाडगा घेऊन खाटेसमोर स्टुलावर बसली. मॅडम न्हाणीघरातून सुटून खाटेकडे निघाली होती, तिला उचलून अंगणात ठेवलं आणि दार लावलं.

"तिला बाहेर कशाला?"

"आपण जेवताना ती बाहेर राहील. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

अप्पा वाडग्याकडे बघत राहिले. दारावर बाहेरून चोचीचा टकटक आवाज येत होता.

"एकट्याला ठसका लागला की भीती वाटते," ते वाडग्यालाच म्हणाले. "श्वास परत येतच नाही. घरात कोणी नसतं."

"मग सांगायचं ना."

"तुला आठला पोचायचं असतं."

ताईने चमचा भरला. कोपर गुडघ्यावर टेकवलं.

"हनुवटी खाली," ती म्हणाली.

सोमवारी तिने सुपरवायझर बाईंना फोन करून दुपारची पाळी मागितली. दुपारच्या पाळीत इस्त्री नव्हती, तळघरात मळलेल्या चादरी वेगळ्या करायचं काम होतं. खिडकीपाशीचं टेबल दुसऱ्या बाईला मिळालं. ताई घरी यायची ती पाय ओढत, अंगाला जंतुनाशकाचा वास घेऊन. पण सकाळी आठला, दुपारी बाराला आणि कामावरून आल्यावर तिन्ही वेळा ती वाडगा घेऊन समोर बसायची. अप्पा गिळायचे. कधी सतरा चमचे, कधी अकरा. मध्येच डोळे मिटून घ्यायचे. तीही दोन मिनिटं मिटून घ्यायची.

तिने मनाशी ठरवलं होतं, दोन रविवार. तेवढ्यात काही फरक पडला नाही तर अप्पांना दाखल करायचं, मग ते तोंड फिरवोत की काही करोत. त्यांच्या दोन सदऱ्यांची आणि टॉवेलाची एक बॅग भरून तिने कपाटाच्या मागे सरकवून ठेवली. आपण खेळतोय तो खेळ कुणाच्या जिवावर, हे तिला पक्कं माहीत होतं.

पहिल्या रविवारी अप्पांनी हाक मारली. सुई एक्कावन्नावर होती. दुपारी ते झोपल्यावर ताईने फडकं काढून पाहिलं. रिकाम्या काट्याची सुई अडीचवरच होती. ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. त्या आठवड्यात तिने भातात लोणी घातलं, गाजराऐवजी बटाटा घातला, चमच्यांची मोजदाद सोडली आणि जेवताना त्यांना धुलाईघरातल्या बायकांची भांडणं सांगायला सुरुवात केली. अप्पांना हसू यायचं. हसताना गिळू नका म्हणून ती दटावायची. एकदा ठसका लागला, चांगला मिनिटभर. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास परत येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या रविवारी सकाळी मॅडमची पिशवी पूर्ण रिकामी होती. मॅडमने तिच्या हाताला झटका दिला, उडी मारली आणि सगळ्या खोल्यांची तपासणी करून आली.

"ये, वाच."

"एक्कावन्न."

"बघ," अप्पा म्हणाले. पण आज ते तिच्याकडे न बघता खाली, सुईकडे बघत होते.

दुपारी त्यांचा श्वास एका लयीत चालू झाल्यावर ताई कपाटापाशी गेली. फडकं काढायला तिने जरा वेळच लावला. मग काढलं.

सुई दोनवर होती.

तिने खाली वाकून डोळा अगदी काचेजवळ नेला. दोनच. एक्कावन्न दाखवायला आज त्यांना अर्ध्या किलोची लबाडी कमी लागली होती, आणि तेवढं चाक त्यांनी इमानाने मागे फिरवलं होतं.

"काय करतेस गं तिथे?" खाटेवरून आवाज आला. ते झोपले नव्हते.

"काही नाही अप्पा. काटा नीट ठेवते."

"फडकं घाल त्याच्यावर."

"हो."

तिने फडकं घातलं. मग कपाटामागची बॅग ओढून काढली आणि तिच्यातला टॉवेल पुन्हा न्हाणीघरातल्या खुंटीवर टाकला. सदरे बॅगेत तसेच ठेवले.