फाडायचं चित्र

मुलीने बटण दाबलं तसा फौजदाराचा चाकू हवेतच थांबला.

“जरा मागे घे,” बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“चौथ्यांदा बघतोय आपण. चोर तोच निघणार आहे, बाबा.”

“चोर नको. चित्र दाखव.”

जुन्या गुन्हेमालिकेचा हा भाग वाहिनीने इतक्या वर्षांनी साफसूफ करून पाठवला होता. त्यात एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात नावेची दोन हुबेहूब चित्रं होती, एक अस्सल आणि एक चोरांनी बदलून ठेवलेलं. शेवटी फौजदार सगळ्यांसमोर बनावट चित्र उभं फाडतो. अस्सल म्हणून मालिकावाल्यांनी आईचं चित्र मागून नेलं होतं. फाडण्यासाठी लागणारी त्याची नक्कल बाबांनी रंगवली होती. चित्रीकरणाला आई गेली. बाबांना शाळेत चित्रकलेचे तास होते. संध्याकाळी तिने चित्र घरी आणलं, मागून पुठ्ठा ठोकला आणि भिंतीवर लावलं. पुढे हा भाग लागला तेव्हा शेजारच्यांच्या टीव्हीवर इतका अंधूक दिसला, की चाकूसुद्धा नीट कळला नाही.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिचं तेवढं एकच चित्र उरलं होतं. उद्या ते स्त्री-चित्रकारांच्या प्रदर्शनात जायचं होतं, आणि त्याखाली लावायचं कार्ड मुलीने नुकतंच लिहून ठेवलं होतं.

चाकू पुन्हा चालला. फाटलेलं कापड पुढे लोंबलं.

“थांबव. रंगांकडे बघू नकोस. कापड उलटलंय, त्याची मागची बाजू बघ. घाई नाही. काय दिसतं?”

वर्गातल्या पोरांना विचारावं तसं त्यांनी विचारलं. मुलगी पुढे वाकली.

“फुलं. निळी, छापील.”

“मी नवं कॅनव्हास आणायचो. आणि तुझी आई?”

“जुने पडदे वापरायची,” ती म्हणाली. “म्हणजे चुकून आईचंच फाडलं त्यांनी?”

“फाडायचं चित्र स्टँडवर आपणच ठेवलं, असं ती म्हणाली होती. स्वतःचं काम ओळखू येऊ नये, इतकी वेंधळी होती का ती?”

“मग असं का केलं?”

बाबा खुर्चीत मागे रेलले.

“आदल्या दिवशी मी वैतागलो होतो. म्हटलं, माझं काम फाडायच्याच लायकीचं. ती भाजी चिरत होती. चिरत राहिली.”

मुलगी उठून भिंतीवरच्या चित्रामागचा पुठ्ठा चाचपू लागली.

“उघडू नकोस. तिने ठोकलेत ते खिळे.”

“म्हणजे हे तुमचं. पण कार्डावर मी आईचं नाव लिहिलंय. तुमचं लिहिलं तर हे चित्र तिथे घेणारच नाहीत. मग आईचं काहीच उरत नाही, बाबा.”

बाबांनी कार्ड घेतलं आणि लांब धरून वाचलं.

“पस्तीस वर्षं पोरांना बजावलं, दुसऱ्याचं चित्र आपल्या नावावर खपवू नका. आपलं दुसऱ्याच्या नावावर चालेल का, हे एकाही गाढवाने विचारलं नाही.”

“विचारलं असतं तर?”

त्यांनी कार्ड तिच्या हातात परत दिलं.

“शाई वाळलीय का बघ,” ते खुर्चीचा हात धरून उठत म्हणाले. “आणि चित्र उतरवायला ये. मला एकट्याला नाही जमायचं.”