सहा सेंटिमीटर ढाळ

आमच्या घराच्या बाजूने मागच्या वर्कशॉपकडे जाणारी वाट बावीस मीटर लांब आणि तीन मीटर रुंद आहे. आकडे मी स्वतः टेप धरून घेतले आहेत. वाट चिकणमातीची. कोरडी असली की बशी आपटली तर बशी फुटेल, आणि ओली झाली की पायातली चप्पल काढून घेते, परत देत नाही.

बाबा सुतार आहेत. लाकडाची गाडी फाटकाशी थांबायची आणि तिथून फळ्या खांद्यावर घेऊन ते ही वाट तुडवायचे. गेल्या पावसाळ्यात चौकटीचं लाकूड घेऊन ते घसरले आणि मनगट मोडलं. सात आठवडे प्लास्टर होतं. त्या सात आठवड्यांत आई अवाक्षर बोलली नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी मात्र तिने सगळं एकदम बोलून घेतलं.

"अहो, मी एकदाच सांगते. लाकडाची गाडी वर्कशॉपच्या दारात लागणार असेल तर खुशाल काम करा. खांद्यावर एकही फळी यायची नाही. नाही जमलं, तर त्या ग्रंथालयवाल्यांना मीच फोन करीन, म्हणीन कपाटं दुसरीकडे करून घ्या."

ग्रंथालयाच्या कपाटांचं काम बाबांनी नुकतंच घेतलं होतं. लाकूड शनिवारी सकाळी येणार होतं. आई बोलते ते करते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून बाबांनी वाट पक्की करायला घेतली. ठोकळे बसवायचे होते, पण त्याआधी खाली खडी आणि खडीच्याही आधी माती नीट करून घ्यायची होती. ते काम करणाऱ्या बाईंना सगळे मुकादमबाई म्हणतात. मी त्यांना मावशी म्हणते. माझी वही पाहून पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव 'वहीवाली' ठेवलं.

बुधवारी त्यांच्या माणसांनी वरचा थर खरवडला, गवताच्या मुळ्यांसकट. खाली पिवळसर, गुळगुळीत चिकणमाती लागली. मावशींनी त्यातली चिमूटभर उचलली आणि दोन तळव्यांमध्ये वळायला लागल्या. वळून वळून तिची बारीक दोरी झाली.

"काडेपेटीतल्या काडीएवढी झाली की तुटायला हवी," त्या म्हणाल्या. "त्याच्याहून बारीक होत राहिली तर माती ओली. काडीच्या आधीच तुटली तर कोरडी. काडीला तुटली की रोलर."

इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही हीच परीक्षा काचेवर करायचो. तीन मिलिमीटरची दोरी, मग भट्टी, मग वजनकाटा, मग तक्ता भरायचा. मी तसं सांगितलं.

"किती वेळ लागायचा?"

"एक दिवस तरी."

"तेवढ्यात माती वाळून गेली असेल की गं."

मावशींची दोरी काडीपेक्षाही बारीक झाली, तरी तुटेना. म्हणून माती दोन दिवस उघडी ठेवायची ठरली. शनिवारी लाकडाची गाडी येणार, हे कळल्यावर त्यांना आनंदच झाला. खडी टाकण्याआधी त्या मातीवरून भरलेली गाडी फिरवून बघतात. चाकाखाली जमीन हलली, तर तिथे आत मऊ आहे असं समजायचं. "एरवी गाडी भाड्याने आणावी लागते. तुमची आयतीच येतेय," त्या बाबांना म्हणाल्या. बाबांनी आईकडे पाहिलं. आई कपडे वाळत घालत होती. तिने चिमटा तोंडात धरला होता, म्हणून काही बोलली नाही.

गुरुवारी संध्याकाळी मावशींनी आणि मी दोऱ्या लावल्या. वाटेच्या दोन्ही कडांना तीन-तीन मीटरवर खुंट्या, प्रत्येक बाजूला आठ. घराकडची दोरी वर, कुंपणाच्या भिंतीकडची सहा सेंटिमीटर खाली. म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर आडवा ढाळ. आमची जागा मुळातच किंचित मागे, वर्कशॉपकडे उतरती आहे. आडवा ढाळ नसला तर वाटेवरचं सगळं पाणी सरळ वर्कशॉपच्या उंबऱ्याशी जाईल, आणि तिथली माती मऊ पडली की गाडी तिथेच रुतेल. ढाळ असला की पाणी भिंतीकडच्या गटारात. हे मी वहीत आकृती काढून लिहिलं. मावशींनी आकृती बघून मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी काडीला माती तुटली. माणसं फावडी घेऊन दोऱ्यांच्या मापाने माती कापायला लागली. रोलर चालवणाऱ्याला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण कुणीही काहीही सांगितलं तरी त्याचं उत्तर तेवढंच असतं. तो रोलरवर बसून आपली पाळी येण्याची वाट बघत होता. दुपारपर्यंत सगळी वाट कापून झाली. दिसत होती फार सुंदर, एखाद्या रंधा मारलेल्या फळीसारखी. बाबा दोनदा येऊन बघून गेले, आणि दोन्ही वेळा खूश होऊन गेले.

चहा झाल्यावर सावकाशने आपला पेला विसळला आणि पाणी वाटेवर फेकलं. ओंजळभर असेल. आम्ही सगळे ते पाणी बघत होतो असं नाही, पण मावशी बघत होत्या. पाणी भिंतीकडे वळलं नाही. त्याने बारीक धार धरली आणि सरळ वर्कशॉपच्या दिशेने निघालं.

मावशींनी पेला खाली ठेवला. "सावकाश, रोलर बंद कर."

"चालूच केला नव्हता."

"मग करूही नको."

त्यांनी पाण्याची पारदर्शक नळी आणली; तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं. एक टोक मी घराकडच्या दोरीशी धरलं, दुसरं त्यांनी भिंतीकडच्या दोरीशी. दोन्हीकडे पाणी दोरीला टेकलेलं. दुसऱ्या खुंटीला तेच. आठही जोड्या पाहिल्या. दोन्ही दोऱ्या एका पातळीत होत्या, इतक्या की माझ्या टेपला फरक सापडेना.

"वहीवाल्या बाईसाहेब," मावशी म्हणाल्या, "काल सहा सेंटिमीटर तुम्हीच मोजलेत ना?"

"मोजले होते, मावशी."

"मग खालची दोरी रात्रीतून वर चढली?"

मी वही उघडली, पान दाखवलं, तरी त्या वहीकडे बघेनात. मी खाली वाकून भिंतीकडच्या पहिल्या खुंटीची गाठ पाहिली. माझी गाठ म्हणजे दोन वेढे आणि नशीब. ही गाठ बारीक, घट्ट आणि एका बाजूला दाबून बसवलेली होती, आणि तिचं टोक सगळ्या खुंट्यांवर एकाच लांबीला कापलेलं होतं. तशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतो. मी सरळ उभी राहिले आणि वही मिटली.

बाबा वर्कशॉपच्या दारात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुंटीकडे. मग हातातला गुण्या खिशात घालत पुढे आले.

"तिला बोलू नका, बाई. गाठी माझ्या आहेत."

मावशींनी नळी खाली ठेवली.

"सकाळी दात घासत होतो. बघतो तर एक दोरी वर, एक खाली. वाटलं, अंधार पडत आला होता, पोरीच्या हातून चुकलं असेल. तुम्ही येऊन तिला रागवाल, त्याआधी आपणच नीट करून ठेवावं. पाणसळ लावली आणि बुडबुडा मध्ये आणला. आठही ठिकाणी."

"विचारायचं तरी, मिस्त्री."

"अहो, चाळीस वर्षं बुडबुडा मध्येच आणतोय. त्यात विचारायचं काय असतं, हे डोक्यातच आलं नाही."

"तुम्ही टेबल करता. टेबलावर सांडलं तर फडक्याने पुसाल. ही वाट कोण पुसणार?"

बाबांनी उंबऱ्याकडे पाहिलं. मघाचं ओंजळभर पाणी तिथपर्यंत पोचलं नव्हतं, वाटेत मुरलं होतं, पण दिशा कळण्याइतका ओला पट्टा मागे राहिला होता. त्यांचा चेहरा उतरला. उद्या सकाळी गाडी येणार होती. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती आणि तिथून सगळं ऐकू येतं.

"आता?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही खालची दोरी वर केलीत, म्हणून वाचलो. भिंतीकडे माती जास्त राहिली, ती कापता येईल. वरची खाली केली असती तर माती जास्त गेली असती. एकदा कापलेली चिकणमाती परत टाकून तशी बसत नाही, कितीही रोलर फिरवा." मावशींनी पुन्हा चिमूटभर माती वळली. दोरी काडीच्या जाडीला तुटली. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे. नंतर ती वाळेल. पण दोऱ्या परत लावून, दर वेळी नळी धरून मोजत बसलो तर आटपायचं नाही."

बाबा वर्कशॉपमध्ये गेले. मला वाटलं, वाईट वाटून गेले. आतून करवतीचा आवाज आला, मग बराच वेळ रंध्याचा. अर्ध्या तासाने ते एक लांब फळी घेऊन आले. खांद्यावर नाही, हातात धरून, कारण खिडकी उघडीच होती. फळी तीन मीटर लांब, वरची कड सरळ, खालची तिरकी. एका टोकाला ती दुसऱ्या टोकापेक्षा बरोबर सहा सेंटिमीटर जास्त रुंद होती.

"रुंद टोक भिंतीकडे ठेवा," ते म्हणाले. "वरच्या कडेवर पाणसळ ठेवा. बुडबुडा मध्ये आला म्हणजे खालची माती तुम्हाला हवी तितकी तिरकी."

मावशींनी फळी उलटसुलट करून पाहिली. मला टेप मागितली आणि दोन्ही टोकं मोजली. मग स्वतःच भिंतीकडची माती हातभर पट्ट्यात कापली आणि फळी टेकवली. बुडबुडा थोडा भिंतीकडे गेला. अजून बोटभर खरवडलं. बुडबुडा मध्ये आला.

"म्हणजे तुमचा हट्टही राहिला आणि माझा ढाळही," त्या म्हणाल्या.

"हट्ट नाही हो, सवय."

त्यानंतर दोऱ्यांकडे कुणी बघितलंच नाही. दर अर्ध्या मीटरवर फळी टेकायची, बाबा गुडघ्यावर बसून बुडबुडा बघायचे आणि "अजून, अजून, बस" म्हणायचे. माणसं कापत गेली. मी घमेली उचलली. पाच वाजता सावकाशने रोलर सुरू केला आणि तो खरोखरच सावकाश गेला. एकदा जाऊन आला की मावशी टाच रोवून बघायच्या. पाचव्या फेरीनंतर टाचेचा ठसा उठेना. शेवटी त्यांनी वर्कशॉपच्या दाराशी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं, मग भिंतीकडे निघालं. आई तोपर्यंत बाहेर आली होती. ती पाण्याच्या मागोमाग गटारापर्यंत चालत गेली, आणि आत निघून गेली.

शनिवारी आठ वाजता गाडी आली. तीन टन लाकूड. ड्रायव्हर फाटकाशीच थांबला आणि नेहमीसारखा मागचा फाळका उघडायला उतरला. बाबा म्हणाले, "आत घ्या." ड्रायव्हरने मातीकडे पाहिलं, मग बाबांकडे. "नक्की?"

"सावकाश," सावकाश म्हणाला.

मावशी आणि मी जमिनीला गाल लावून आडव्या झालो. तसं पाहिलं की चाकाच्या पुढे माती उचलते की नाही ते दिसतं. गाडी मागे मागे येत गेली. चाकं माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. माती हलली नाही. फक्त वाटेच्या निम्म्यावर, भिंतीच्या बाजूला, एका जागी जमीन उशीसारखी किंचित दबली आणि परत वर आली. मावशींनी तिथे चुन्याने गोल काढला. "इथे खणून दगड भरू. एवढंच." मागे राहिलेला चाकाचा ठसा मी मोजला. चार मिलिमीटर.

गाडी वर्कशॉपच्या दाराला लागली. बाबांनी फाळक्याची कडी धरली.

"उतरवू नका," मावशी म्हणाल्या.

"का?"

"एका फेरीत काय कळतं? भरलेलीच परत जायला हवी. तीन वेळा."

बाबांनी कडी सोडली. लाकूड दारातून निघालं, फाटकापर्यंत गेलं, पुन्हा आलं. बाबा दोन्ही हात मागे बांधून उभे होते. एरवी ते एका जागी उभे राहत नाहीत. दुसऱ्यांदा गाडी दाराला लागली तेव्हा त्यांनी नुसता एका फळीवर हात फिरवला, तेवढ्यात ती परत निघाली. ड्रायव्हर हसायला लागला होता.

तिसऱ्यांदा गाडी आली. मावशी कपडे झटकत उठल्या आणि त्यांनी काही सांगण्याआधी आई ओट्यावरून म्हणाली, "आता उतरवा. आणि अहो, जड फळ्या दोघांनी धरा. ग्रंथालयवाल्यांना कपाटं कधी देणार म्हणून सांगितलंयत?"

"अजून काही सांगितलं नाही," बाबा म्हणाले. त्यांनी पहिली फळी एका टोकाला धरली. दुसरं टोक मी धरलं, आणि चार पावलांत आम्ही आत होतो.