धुराड्यातलं पाणी

"हँडलला हात लावू नगंस, धनाजी. आत पाणी हाय, पिस्टनचा रॉड वाकंल."

बादशहा मिस्त्री होडीत उतरला तो थेट इंजिनापाशी वाकला. तासगावात पंपांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, पण होडीला इंजिन त्यानं याच उन्हाळ्यात पहिल्यांदा बसवलं होतं. आज सकाळी पुराला वेढलेल्या वस्तीवरून दहा माणसं आणताना ते मध्येच बंद पडलं. बांबूनं रेटत कशीबशी होडी काठाला लागली. पलीकडे वस्तीवर आजारी आप्पासो अजून राहिले होते. त्यांचं डायलिसिस कालच व्हायचं होतं.

बादशहानं डिझेल फवारणारं नोझल काढून इंजिनाचं चाक हातानं फिरवलं. पिचकारीसारखं पाणी उडालं. खालचं तेल ताकासारखं पांढरं झालेलं.

"पाणी आलं कुठनं, चाचा?" धनाजीनं विचारलं.

बादशहा होडीच्या मागच्या बाजूला बघत राहिला. धुराचा पाइप त्यानं सरळ बाहेर काढला होता, पाण्याच्या वीतभर वर. होडी रिकामी असताना मोजलं होतं. दहा माणसं बसली की मागची बाजू दबणार, हे ध्यानातच आलं नव्हतं.

"माझीच चूक हाय," तो म्हणाला. "इंजिन चालू हाय तवर धूर पाण्याला ढकलतो. बंद पडलं की लाट सरळ आत."

धनाजीनं पान्ह्यांची पेटी त्याच्यापुढं सरकवली.

ट्रॅक्टरच्या जुन्या सायलेन्सरचे वाकलेले नळ जोडून त्यानं पाइप आधी छातीएवढा वर नेला, मग खाली वळवून बाहेर काढला. तोंडावर रबराची झडप लावली. धुरानं उघडेल, लाटेनं मिटेल. तेल बदललं. मग आठ गडी मागं बसवून, इंजिन बंद ठेवून, होडी काठाशी अर्धा तास लाटांवर हेलकावू दिली. नोझल परत सोडून चाक फिरवलं. नुसती हवा आली.

"चल," तो म्हणाला. "मीबी येतो."

आप्पासोंना घेऊन परतताना होडीच्या पाण्यातल्या पंख्यात फांदी अडकली आणि इंजिन बंद पडलं. लाटा मागून आदळू लागल्या. धनाजीनं फांदी उपसली, बादशहाकडे बघितलं. बादशहानं डोळे मिटून हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्यात इंजिनानं आवाज धरला. पाठीशी पहुडलेले आप्पासो पुटपुटले, "लागलं गड्या."

काठावर जीप उभीच होती. आप्पासोंना घेऊन ती सांगलीकडे गेली.

"चाचा, आता दुसऱ्या होड्यांचंबी पाइप असंच करून द्या," म्हणत धनाजीनं चहा पुढं केला.

"करतो की," बादशहा म्हणाला. त्यानं कप घेतला, दोन घोटांत संपवला. मग शेजारच्या होडीत आधी गडी बसवायला सांगितलं, आणि पाण्यापासून धुराच्या पाइपापर्यंत वीत लावून बघितली.