खालची उत्तरं

प्रिंटरमधून शेवटचं पान ओढून तिने नऊ पानांची चळत टेबलावर आपटून सारखी केली आणि मॅनेजर मॅडमपुढे ठेवली. समोरच्या खुर्चीत मास्तर हाताची घडी घालून बसला होता. येताजाता दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या त्या माणसाला ऑफिसने हे नाव दिलं होतं. तीन वर्षं त्याच्या हाताखाली काढलेली ती तर त्याला पाण्यात पाहत होती.

मागच्या आठवड्यात चुकीचा प्रोग्राम ग्राहकांकडे गेला आणि दोन दिवस त्यांचं काम ठप्प झालं. खापर कुणाच्या तरी माथी फुटायचंच होतं. आज सकाळी अकराला मास्तरचं ऑफिसच्या संगणकावरचं खातं बंद झालं, आणि ऑफिसच्या चॅटवर तिचा आणि मास्तरचा जो ग्रुप होता त्यातले सगळे मेसेज काढून आणायला मॅडमनी तिलाच सांगितलं. त्यासाठी लागणारं अ‍ॅप लिहू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं. दुपारपर्यंत तिने ते लिहिलं.

मॅडमनी पाचव्या पानावर बोट ठेवलं.

"'आजच पाठवून टाक. जबाबदारी माझी.' हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो."

"मग विषयच संपला."

मास्तरने पान स्वतःकडे ओढलं, उलटून पाठ पाहिली.

"याच्या खालची उत्तरं कुठायत?" त्याने तिला विचारलं. "मेसेजला दिलेली उत्तरं मेसेजबरोबर येत नाहीत, अ‍ॅपला ती वेगळी मागावी लागतात. पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं तुला."

"कसली उत्तरं?" मॅडमनी मान वर केली.

त्या मेसेजखाली तासाभराने त्याने लिहिलं होतं, 'थांब. चूक सापडलीय. पाठवू नकोस.' आणि त्याखाली तिने, 'वाचलं. तरी पाठवतेय. तुमची मास्तरकी पुरे.' ते कागदावर आलं असतं तर नोकरी तिची गेली असती. म्हणून उत्तरं मागणारी ओळ तिने अ‍ॅपमध्ये लिहिलीच नव्हती.

"सगळं आलंय, मॅडम. यांना माझ्या कामात नेहमी काहीतरी कमीच दिसतं."

मास्तरने पान चळतीत परत ठेवलं.

"सगळं आलंय म्हणते ना, मग आलंच असेल," तो म्हणाला. मॅडमनी पुढे केलेल्या राजीनाम्यावर त्याने सही केली आणि निघून गेला.

जागेवर येऊन बसल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आता तेवढं उत्तर पुसलं की झालं. इतके दिवस तिकडे बघायचीही तिची छाती झाली नव्हती. तिने ग्रुप उघडला. त्याचं 'थांब' जागच्या जागी होतं. त्याखाली, तिच्या नावापुढे, राखाडी अक्षरं होती: 'हा मेसेज अ‍ॅडमिनने काढून टाकला आहे. आज, सकाळी १०.४०.'

ग्रुपचा अ‍ॅडमिन मास्तर होता.

उत्तरं मागणारी ती एक ओळ अ‍ॅपमध्ये लिहिली असती, तर कागदावर फक्त त्याचं 'थांब' आलं असतं, आणि आपण ते पाहिलंच नाही असं तिला सांगता आलं असतं. दोघंही सुटले असते. शरमेने तिचे कान तापले.

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी खुर्ची वळवली.

"गेला ना मास्तर? सुटलीस बघ एकदाची!"