आठवीत किती होते

सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता तुळशीरामच्या हातात त्याच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला ठेवण्यात आला. त्याने तो मागितला नव्हता.

शुभदा कर्णिक तेव्हा मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर चहा घेत बसल्या होत्या. त्या राहनाळच्या शाळेत गणित शिकवायच्या. तालुक्यातल्या मुख्याध्यापकांच्या संघासाठी दहावीच्या निकालाचा तुलनात्मक तक्ता दरवर्षी त्याच करायच्या, कारण एकदा त्यांनी तो नीट करून दिला होता आणि तेव्हापासून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच. यंदा सोबत आणखी एक काम आलं होतं. वडप्याच्या पुढे, महामार्गाला लागून असलेल्या या शाळेचा निकाल सलग तिसऱ्या वर्षी शंभर टक्के लागला होता. हे कसं जमतं ते पाहून यायचं आणि संघाच्या बैठकीत सगळ्यांना सांगायचं.

मुख्याध्यापक सुधीर ओक तेच समजावून सांगत होते. पहाटेचे जादा तास, दर शनिवारी सराव परीक्षा, मोबाईल न वापरण्याची शपथ. तेवढ्यात तुळशीराम दारात येऊन उभा राहिला. मागे त्याची मुलगी मंगळी. शाळेचा पहिला दिवस म्हणून ती गणवेश घालून, वेण्या बांधून आली होती.

"सायेब, ह्यो कागुद कसला?"

"दाखला आहे काका. पोरगी नववी पास झाली, अभिनंदन. आता दहावी दुसऱ्या शाळेत."

"दुसऱ्या कुठल्या?"

"ते तुम्ही ठरवायचं. तुमच्याच अर्जावर दिलाय. हा बघा तुमचा अंगठा."

"त्यो तं मीटिंगला आलतो तवा घेतला. हजेरीचा हाय म्हनाले."

ओक हसले आणि शुभदाकडे वळले. "बघा मॅडम. मीटिंगला बोलावलं की महिनाभर येत नाहीत. आले की हे असं."

मंगळी बापाच्या मागून पुढे आली. "सर, मी पास हाय ना? मंग मना काढला कशाला?"

"काढलं नाही गं. पास करून पाठवतोय. नापास केली असती तर आवडलं असतं का?"

बाप-लेक पायऱ्या उतरून गेले. फाटकाशी अशाच आणखी चार-पाच मुली आणि त्यांचे पालक उभे होते, आणि प्रत्येकाच्या हातात तसाच कागद होता. वर्ग सुरू झाल्याची घंटा झाली तेव्हा त्यांतली एक मुलगी सवयीने आत वळली आणि मग थांबली.

"ही मंगळी गणितात काठावर. वर्गाचा दर्जा राखायचा तर थोडं निवडावं लागतं," ओक म्हणाले. "तांदूळ निवडतो तसं. बिस्कीट घ्या."

धामणकर नाक्याला शेअर रिक्षातून उतरेपर्यंत शुभदाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्यांनी आजवर एका शाळेची दुसऱ्या शाळेशी तुलना केली होती. एका वर्गाची त्याच वर्गाशी कधी केली नव्हती. घरी पोचल्यावर त्यांनी तक्त्यात नवा रकाना घातला आणि त्याला सरळ नाव दिलं, ‘आठवीत किती होते’. सरकारी संकेतस्थळावर हे आकडे सगळ्यांसाठी उघडे होते, फक्त कुणी दोन वर्षांपूर्वीचं पान उघडत नव्हतं.

रकाना भरत गेला तसा तक्ता उलटा झाला. ओकांच्या शाळेतल्या आठवीच्या दर पाच मुलांमधली दोन मुलं दहावीच्या परीक्षेपर्यंत पोचलीच नव्हती. ती दुसऱ्या कुठल्या शाळेत दिसत नव्हती, खासगी विद्यार्थी म्हणून बसलेल्यांतही नव्हती. आणि शेवटून चौथी असलेली राहनाळची शाळा पहिल्या तीन शाळांत आली, कारण तिथून कुणी गळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या तक्ता घेऊन आपल्या मुख्याध्यापिकेकडे गेल्या. ललिता म्हात्रे बाई राहनाळच्याच. शाळेत शिपायापासून सगळ्यांची खबर ठेवणाऱ्या, तोंडाने फटकळ आणि मनाने तशा वाईट नाहीत. त्यांनी तक्ता दोनदा पाहिला.

"झकास केलंय," त्या म्हणाल्या. "आता हा रकाना काढा."

"बाई, आपली शाळा वर येतेय यात."

"वर येतेय आणि अध्यक्ष खाली जातोय. संघाचे अध्यक्ष कोण? ओक. आपल्या दोन शिक्षकांची मान्यता शिक्षण विभागात अडकलीय, तिच्यासाठी शब्द कोण टाकणार? ओक. तुमचा काय विचार आहे, मी त्या दोन शिक्षकांना घरी पाठवू?"

"मग निदान एक करा. ओकांनी दाखला देऊन घालवलेली मंगळी म्हणून मुलगी आहे. तिला आपल्या दहावीत घ्या."

"आणि निकाल? मागच्या वर्षी मी कुठे बसले होते विसरलात?"

शुभदा विसरल्या नव्हत्या. संघाच्या बैठकीचा जुना रिवाज होता. ज्यांचा निकाल कमी, त्यांनी पुढच्या रांगेत बसायचं, वर्गात मागे पडलेल्या मुलांना बसवतात तसं. सुरुवातीला तो गमतीचा होता. नंतर मागच्या रांगेतून शेरे यायला लागले, मग कुणी फोटो काढून संस्थाचालकांना पाठवायला लागलं.

"गणितात काठावर आहे," शुभदा म्हणाल्या. "मी घेते तिचं गणित. रोज."

म्हात्रे बाईंनी तक्ता पुन्हा शुभदाच्या पुढे सरकवला. "ठीक. रकाना तुम्ही काढा, पोरगी मी घेते. पण बैठक होऊ दे. आधी घेतली तर ओकांना वाटेल आपण काहीतरी उकरतोय."

बैठक जुलैच्या पहिल्या आठवड्यात होती. शुभदाने हिशेब केला. रकाना काय, पुढच्या वर्षीही घालता येईल. त्या मुलीला मात्र हेच वर्ष होतं. त्यांनी रकाना पुसला. वडप्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून मंगळीच्या पाड्यावर निरोप पाठवला की दाखला जपून ठेवा, थोडं थांबा, सोय होतेय.

बैठकीला सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत म्हात्रे बाई ताठ बसल्या होत्या.

"या, या," मागून एक मुख्याध्यापक ओरडले, "पुढे बसलं की फळा नीट दिसतो!"

"तुमच्या शाळेत फळा तरी आहे का?" बाईंनी मान न वळवता विचारलं. सगळे हसले.

शुभदाने तक्ता पडद्यावर दाखवला. वर ओकांची शाळा, शंभर. ओकांनी भाषण केलं, पहाटेच्या तासांचं, शपथेचं, आणि निवडीचं एक वाक्य अगदी जाता जाता. पण ते वाक्य ज्यांनी ऐकायचं त्यांनी बरोबर ऐकलं. चहाच्या वेळी ओकांभोवती सात-आठ जण गोळा झाले होते.

"सर, पालक तक्रार नाही करत?"

"कोण करणार? मुलगा पास आहे. कागदावर सगळे खूश."

"अर्जाचा नमुना टाका ना ग्रुपवर."

घरी पोचण्याआधीच शुभदाच्या फोनवर नमुना येऊन पडला होता. ‘मी, खाली सही/अंगठा करणार, माझ्या पाल्याचे स्थलांतर होत असल्याने.’ त्याखाली अंगठ्यांची चित्रं येत राहिली, एकामागून एक. म्हात्रे बाईंचाही अंगठा होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शुभदा पाड्यावर गेल्या. महामार्गावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती लागतात आणि त्या संपल्या की चढण सुरू होते. तुळशीराम शेतात होता. त्याची बायको मैना दारात तांदूळ पाखडत होती.

"मंगळी कुठेय? तिला घ्यायला आलेय. प्रवेश झाला म्हणून समजा."

मैनाने सूप खाली ठेवलं. "ती ड्युटीला जाते, बाय."

"कसली ड्युटी?"

"गोडाऊनला. प्याकिंग. तुमचा निरोप आल्ता, पन थांबा म्हंजे किती थांबा? म्हनली, तवर चार दिस जाईन, वह्या घेईन. तिकडंच राह्याची सोय हाय म्हनं. आठ दिस झालं, घरला न्हाय आली."

"कुणी नेली?"

"प्रितम. मुकादम हाय. दाखला भेटला ना, त्याच सांजंला आला. दाखल्यावाल्या पोरी कंच्या कंच्या, समदी नावं त्याला ठावं होती."

शुभदा पायरीवर बसल्या. "त्याला कुणी सांगितली नावं?"

"आमी काय इचारनार? आम्हाला वाटला शाळेनंच पाठवला."

शेजारच्या झोपडीतून पूर्वा आली. ती मंगळीच्याच वर्गातली, तिलाही त्याच दिवशी दाखला मिळाला होता आणि तीही प्रितमच्या गाडीतून कामाला जात होती. ती मात्र रोज परत येत होती.

"आमी दोघी एकाच लाईनला होतो, बाई," ती म्हणाली. "मंग प्रितमदादानी तिला एकलीला बोलवला. म्हनला, तू चुणचुणीत हाय, तुला दुसऱ्या गोडाऊनला घेतो, तिकडं रूम हाय, जेवान हाय. माझापन फोटो काढला, पन मना न्हाय नेली."

"कुठलं गोडाऊन?"

"ते न्हाय सांगला. गाडीत आमाला फोन बंद ठेवाला लावतात. वय कोनी इचारला तं अठरा सांगाचा."

"दाखला कुठेय तिचा?"

"प्रितमदादाकडं. समद्यांचं जमा करून घेतलं. काम सोडताना देनार."

पूर्वाकडून प्रितमचा नंबर घेऊन शुभदाने तो तिथूनच लावला. त्याने दुसऱ्याच घंटेला उचलला. आवाज तरुण होता, अगदी नम्र.

"हां मॅडम, बोलिए. मंगळी? हां, ठीक आहे ना ती. ड्युटी पे है. शिफ्ट सुटली की बात करवाता हूँ."

"मला आत्ता बोलायचंय. आणि तिचा दाखला हवाय."

"मॅडम, तुम्ही कोणत्या स्कूलच्या?"

शुभदाने सांगितलं.

"पण ती तुमच्या स्कूलची नाहीये ना," प्रितम म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सकाळी तुळशीरामला घेऊन त्या चौकीत गेल्या. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा पाणीही विचारलं.

"हरवली कुठे, मॅडम? कामाला गेलीय, मुकादमाचा नंबर आहे, तो म्हणतो ठीक आहे. अल्पवयीन म्हणता, तर वयाचा पुरावा?"

"शाळेचा दाखला."

"द्या."

"तो मुकादमाकडे आहे."

"आधार?"

"त्येबी त्यानंच नेला," तुळशीराम म्हणाला.

हवालदाराने साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला. शाळेकडून दाखल्याची दुय्यम प्रत आणा, मग बघू, असं सांगितलं. दुय्यम प्रतीसाठी शुभदाने ओकांना फोन केला. ओक नेहमीसारखे गोड बोलले. मूळ दाखला गहाळ झाल्याची पोलिसांची नोंद आणा, लगेच देतो.

"सर, ती मुलगी सापडत नाहीये."

"मला वाईट वाटतं. पण ती आमच्या पटावर नाही, मॅडम. तुमच्याही नाही. आपण नक्की कुठल्या अधिकारात बोलतोय?"

"त्या मुलींची नावं तुमच्याकडून त्या मुकादमाला कशी गेली?"

"काळजी घ्या, मॅडम," ओक म्हणाले. "तक्ता छान झाला होता."

शाळेत परतल्यावर शुभदा थेट मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेल्या. बाहेर व्हरांड्यात नववीचे पालक बसले होते. पालकसभा होती. पंढरी शिपाई टेबलावर शाईचं पॅड आणि छापील कागदांचा गठ्ठा मांडत होता. म्हात्रे बाईंनी शुभदाकडे पाहिलं आणि आधीच हात वर केला.

"फक्त घेऊन ठेवतेय. वापरणार नाही."

"बाई, काय घडलंय ते तुम्हाला मी काल रात्री फोनवर सांगितलं."

"सांगितलंत. म्हणूनच तुमच्या मंगळीची जागा मी अजून धरून ठेवलीय. पुढच्या वर्षी मी पुन्हा त्या रांगेत बसणार नाही, शुभदाताई. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

व्हरांड्यात पहिला पालक उठला. पंढरीने त्याचा हात धरून अंगठा पॅडवर दाबला आणि म्हणाला, "हजेरी आहे काका, हजेरी."

शुभदा पुढे झाल्या आणि त्यांनी कागद त्या माणसासमोर धरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत बाईंनी सभा पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. पालक उठून गेले. गठ्ठा कपाटात गेला. कुलपाची किल्ली बाईंनी पर्समध्ये टाकली.

त्या संध्याकाळी शुभदाने पुसलेला रकाना पुन्हा भरला आणि तक्ता संघाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत त्यांना ग्रुपमधून काढण्यात आलं. तोच तक्ता त्यांनी जिल्ह्याच्या शिक्षण विभागाला मेलने पाठवला. मेल मिळाल्याचं आपोआप येणारं उत्तर आलं, त्यापुढे काही नाही.

शुक्रवारी पूर्वा कामावर गेली नाही. प्रितमने पाड्यावर गाडी पाठवली नव्हती. त्या दिवशी कुणासाठीच पाठवली नव्हती. दुपारी त्याचा फोन वाजत राहिला. शनिवारी सकाळपासून तो बंद आहे. पूर्वाने दाखवलेल्या गोदामाच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक म्हणतो, या नावाचा मुकादम इथे कधी नव्हता.

राहनाळच्या दहावीच्या हजेरीत मंगळीचं नाव शेवटी पेन्सिलने लिहिलेलं आहे. नवा प्रवेश देण्याची मुदत बुधवारी संपते.